राखणदाराला कोपरा, लेकराला धीर

दिंडोशी, कुरार, संतोषनगर, आप्पापाडा हा सगळा पट्टा डोंगराच्या कुशीत वसलेला आहे. एका अंगाला फिल्मसिटी व आरे वसाहत, वरच्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. या भागातील वस्तीत कुत्रा पाळण्यामागे हौस कमी आणि गरज जास्त असते. रात्री बिबट्या डोंगर उतरून वस्तीपर्यंत येतो, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आरे वसाहतीत बिबट्याने माणसांवर लागोपाठ हल्ले केले. २०२२ च्या दिवाळीत तेथेच एका दीड वर्षाच्या चिमुरडीचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. अशा ठिकाणी दारातले कुत्रे भुंकले म्हणजे घरातल्या माणसाला जाग येते, बाहेर गेलेले मूल आत ओढून घेता येते. कुत्र्याचे हे उपकार आम्ही नाकारत नाही.

परंतु बिबट्याला कुत्रा खायला आवडतो. म्हणून ज्याने राखण करायची, त्यालाच रात्री घरात घ्यावे लागते. मग दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, आजी, दोन-तीन मुले आणि कुत्रा अशी सगळी एकत्र झोपतात. पावसाळ्यात तर दिवसभरही हीच स्थिती असते. आजचा आमचा विषय या खोलीतला आहे. रस्त्यावरच्या मोकाट कुत्र्यांविषयी वर्तमानपत्रे रोज रकानेच्या रकाने भरून लिहितात. घरातल्या, ओळखीच्या, आपल्या हातची भाकरी खाणाऱ्या कुत्र्याच्या चाव्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

वास्तविक लहान मुलांना जे चावे होतात, त्यांतील पुष्कळसे ओळखीच्या कुत्र्याचे असतात. घरचा, शेजारचा किंवा गल्लीत सर्वांनी मिळून पोसलेला कुत्रा असतो, आणि जागाही ओळखीचीच असते. खोली, ओटा, जिन्याची पायरी. लहान मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाला येते, त्यामुळे मोठ्या माणसाला जिथे पोटरीला दात लागतो तिथे मुलाच्या गालाला, ओठाला, डोळ्याजवळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे, पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्या माणसांमध्ये सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. म्हणजे हा विषय मुख्यतः आपल्या लेकरांचा आहे.

हे वाचून कोणी उठून कुत्र्याला हाकलून देऊ नये. माणसाच्या संसारात कुत्र्याला जागा आहेच. दादरच्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले बाबासाहेबांचे कौटुंबिक छायाचित्र आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आहे. त्यात माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव यांच्याबरोबर बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. घरच्या माणसांच्या पंगतीत त्याला स्थान मिळाले, हे त्या छायाचित्रात दिसते. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला घरातले मानायचे त्याचा स्वभाव ओळखण्याची जबाबदारीही घरातल्यांनी घ्यावी.

कुत्रा चावतो तेव्हा आपण म्हणतो, "अचानक चावला, काही कारण नव्हते." कारण बहुतेक वेळा असते, आपल्या ते ध्यानात येत नाही. कुत्र्याला नको असलेली गोष्ट घडू लागली की त्याची पहिली इच्छा तेथून निघून जाण्याची असते. मैदानात तो उठून दूर जातो. आपल्या खोलीत तो जाणार कुठे? एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला मोरी, दाराला कडी. मूल त्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळते आहे, कान ओढते आहे, आणि मागे सरकायला वीतभर जागा नाही. अशा वेळी त्याच्याजवळ उरते ती एकच भाषा, दाताची. छोट्या घरात चावा होण्याचे हे मोठे कारण आहे, आणि त्यावर उपाय आपल्या हातात आहे.

दाताची भाषा बोलण्यापूर्वी तो दुसऱ्या भाषेत बोललेला असतो. तो तोंड फिरवतो. समोर खाणे नसताना ओठ चाटतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. कान मागे पाडतो, शेपूट पायात घालतो. डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसू लागतो. अंग एकदम ताठ होते, हालचाल थांबते. ही शेवटची खूण फार महत्त्वाची आहे. घरात लाडाने "बघा कसा गप्प बसून लाड करून घेतो" असे आपण म्हणतो, त्या वेळी तो कित्येकदा ताठरून बसलेला असतो. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, ही समजूतही पुरी खरी नाही. सैल अंगाने, कंबरेसकट शेपटी हलली तर तो आनंदात आहे. अंग ताठ ठेवून शेपटी वर उभी धरून हलवत असेल तर सावध व्हावे.

यानंतर येते ते गुरगुरणे. कुत्रा गुरगुरला की आपल्याकडे चपलेने मारण्याची पद्धत आहे. ती सोडली पाहिजे. गुरगुरणे हा इशारा आहे. मार बसेल या भीतीने तो इशारा द्यायचे सोडतो, चावणे मात्र सोडत नाही. मग तो न गुरगुरता चावतो आणि आपण म्हणतो, अचानक चावला. गुरगुर ऐकू आली की प्रथम मुलाला शांतपणे बाजूला घ्यावे, आरडाओरडा करू नये, आणि कशामुळे गुरगुरला ते पाहावे. हाड होते का? झोपमोड झाली का? कुठे दुखते आहे का? कानात गोचीड झाली, पाय मुरगळला, वयाने सांधे धरले, तर गरीब कुत्राही हात लावू देत नाही. एकाएकी स्वभाव बदलला तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

आता खोलीची व्यवस्था पाहू. कुत्र्याला एक कोपरा द्यावा. पलंगाखाली, शिडीखाली, दारामागे, जिथे असेल तिथे एक गोणपाट टाकून ती जागा त्याची ठरवावी. तो त्या गोणपाटावर गेला की घरातल्या कोणत्याही मुलाने त्याला हात लावायचा नाही, ओढायचे नाही, हाकही मारायची नाही, हा घराचा नियम करावा. याला पैसा लागत नाही. निघून जायला जागा मिळाली की कुत्रा ती वापरतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. या कोपऱ्यात त्याला दिवसभर आखूड साखळीने मात्र बांधू नये. सतत बांधलेला कुत्रा चिडका होतो, आणि त्याला पळून जाता येत नसल्याने तो लवकर दात दाखवतो.

खाण्याची वेळ ही दुसरी जोखमीची वेळ. कुत्र्याला मुलांच्या पंगतीत बसवून घास देऊ नये, आणि त्याच्या थाळीशी मुलाला जाऊ देऊ नये. रविवारी मटणाचे हाड टाकले की तो राखण करत बसतो. त्या वेळी रांगते मूल त्याच्याजवळ गेले तर दोष मुलाचाही नाही व कुत्र्याचाही नाही. हाड बाहेर ओट्यावर द्यावे, दार लोटून घ्यावे. त्याने काही पळवले तर हिसकावून घेण्याऐवजी दुसरा तुकडा दाखवून सोडवावे. झोपलेल्या कुत्र्याला हात लावून उठवू नये, दुरून हाक मारावी. व्यालेल्या कुत्रीजवळ आणि तिच्या पिल्लांजवळ मुलांना बिलकूल पाठवू नये. पिल्लू खेळताना हात चावते तेव्हा आपण हसतो. पण त्याच सवयीने सहा महिन्यांनी रक्त येते. म्हणून हाताचा खेळ न करता त्याला चिंधी किंवा दोरी चावायला द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे असे की, लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे ठेवू नये. क्षणभरही ठेवू नये. नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली असते. आई हंडा घेऊन बाहेर धावते, खोलीत रांगते बाळ आणि कुत्रा राहतात. दहा मिनिटांचा प्रश्न आहे असे वाटते, पण चावा एका क्षणात होतो. जाताना कुत्र्याला बाहेर न्यावे किंवा बाळाला शेजारी द्यावे. नऊ वर्षांच्या ताईला "लक्ष ठेव ग" म्हणून सांगणे हे लक्ष ठेवणे नव्हे. ताई स्वतःच लेकरू आहे.

येथे घरातल्या पुरुष मंडळींना एक गोष्ट सांगायची आहे. पिल्लू बहुधा तुम्ही आणता. त्याला खाऊ घालणे, त्याची घाण काढणे, मुलांना त्याच्यापासून सांभाळणे हे काम बहुधा घरातल्या बाईच्या अंगावर पडते. तिने पाणीही भरावे, चूलही पाहावी आणि पहाराही द्यावा, हे न्यायाचे नाही. कुत्रा आणायचा असेल तर त्याचा वाटाही उचलावा.

मुलांना शिकवायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या पाठ करून घ्याव्यात. कुत्र्याला मिठी मारायची नाही, त्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचे नाही. दुसऱ्याच्या कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. लाड करायचे तर छातीपाशी किंवा मानेच्या बाजूला दोन-तीन वेळा हात फिरवायचा आणि थांबायचे. तो स्वतःहून जवळ आला तर पुन्हा करायचे, नाही आला तर पुरे. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही. झाडासारखे उभे राहायचे, हात अंगाशी धरायचे, त्याच्या डोळ्यांत न पाहता जमिनीकडे पाहायचे. पडलोच तर कासवासारखे अंग गोळा करून हातांनी मान व कान झाकायचे. हा खेळ घरात दोन-चार वेळा खेळून घेतला की मुलांच्या अंगवळणी पडतो. दिवाळीच्या फटाक्यांत व वरातीच्या बँडच्या वेळी कुत्रा आधीच बिथरलेला असतो, तेव्हा तर मुलांना त्याच्यापासून दूरच ठेवावे.

दिंडोशीत आता चाळी व झोपड्यांच्या जागी पुनर्वसनाच्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. कुत्रा ओट्यावरून चौदाव्या मजल्यावर गेला आहे. तेथे लिफ्ट हीच ती लहान खोली होते. वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये पाळीव कुत्रा एका रहिवाशाला चावला. त्या खटल्यात २०२५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने मालकाला चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली. २०२५ च्या जुलैमध्ये मानखुर्दला एका माणसाने रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलावर आपला पिटबुल सोडला आणि तो हसत बसला. त्याच्यावर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आपल्या ताब्यातील जनावराबाबत निष्काळजी राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. हल्ली आपल्या वस्त्यांतील तरुणांनाही अशा भारी जातींच्या कुत्र्यांचा शौक जडला आहे. २०२२ मध्ये लखनौत एका ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा त्यांच्याच घरातील पिटबुलने जीव घेतला. ज्या घरात कुत्र्याला पाय मोकळे करायला जागा नाही, त्या घरात असे ताकदवान जनावर आणून बांधणे हे त्याच्यावर व घरच्यांवर दोघांवरही अन्याय करणे आहे.

आता सर्वांत काळजीचा मुद्दा. इतके करूनही दात लागला तर काय? आमच्या मते येथे पहिला धोका रेबीजचा नसून मुलाच्या भीतीचा आहे. "तूच त्याला छेडलं असशील," असे म्हणून आपल्याकडे चावलेल्या मुलालाच दोन धपाटे घालतात. मग पुढच्या वेळी मूल गप्प बसते. बाही खाली ओढते, फ्रॉकने खरचटलेले झाकते, किंवा सायकलवरून पडलो म्हणून सांगते. कुत्र्याला घराबाहेर काढतील, या मायेपोटीही मुले लपवतात. रेबीजची लक्षणे दिसायला सहसा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. लक्षणे दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणांपूर्वी घेतलेली लस मात्र वाचवते. म्हणजे लेकराचा जीव त्याने घरी सांगण्यावर अवलंबून असतो, आणि सांगणे आपल्या वागण्यावर अवलंबून असते. म्हणून आजच मुलांना सांगून ठेवावे: "दात लागला, नख लागले, तर लगेच सांग. तुला कोणी रागावणार नाही, कुत्र्यालाही कोणी मारणार नाही." आणि दिलेला शब्द पाळावा.

मोठी माणसेही लपवतात, किंवा क्षुल्लक मानतात. उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात एका तरुण कबड्डीपटूने गटारात पडलेले पिल्लू बाहेर काढले. ते बोटाला किंचित चावले. एवढ्याशा पिल्लाने काय होते, असे म्हणून त्याने लस घेतली नाही. २०२५ च्या जूनमध्ये, काही महिन्यांनी, रेबीजने त्याचा अंत झाला. पिल्लू लहान असते, पण रोग लहान नसतो.

चावा झाला की जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावी. नळाला पाणी नसेल तर पिंपातले पाणी तांब्याने ओतत राहावे. रेबीजचे विषाणू जखमेतच धुवून टाकण्याचा हा साधा आणि फार मोलाचा उपाय आहे. त्यानंतर घरात असेल तर जखमेवर लावायचे आयोडिनचे औषध लावावे. हळद, तिखट, चुना, तेल, कॉफीची पूड यांतले काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये, टाके घालण्याची घाई करू नये. अंगारे-धुपारे व उतारा यांत एक तासही घालवू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ही लस महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत मिळते. या भागातील लोकांना कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर शताब्दी रुग्णालय आणि जोगेश्वरीचे ट्रॉमा रुग्णालय जवळ आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयीही तेथेच विचारावे.

आपल्या वस्तीतील आजी अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती घेऊन बसल्या आहेत. ती गोष्ट खरी होती. १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी तयार केलेली ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत असत. २००४-०५ च्या सुमारास ती आपल्या देशात बंद झाली. आता बहुतेक सरकारी रुग्णालयांत दंडावर कातडीत लस देतात. पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत देत असतील तर चौदाव्या दिवशीही एक डोस असतो. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईलाही ती देता येते. रक्त आले असेल, किंवा चेहऱ्यावर, बोटांवर खोल दात लागला असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन नावाचे वेगळे औषध सोडावे लागते. डॉक्टरांना त्याविषयी आवर्जून विचारावे. रक्त न येता नुसता ओरखडा उठला तरी लस लागते. आणि अर्ध्यात सोडलेली लस ही घेतलेली लस नव्हे. मजुरी बुडते म्हणून तिसरा डोस टाळणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी शेजाऱ्याने मुलाला नेऊन आणावे.

"आपल्याच कुत्र्याला टोचलेले आहे, मग कशाला?" असा प्रश्न येतो. लस लगेच सुरू करावी आणि कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावे. त्याला मारून टाकू नये वा हाकलून देऊ नये. तो दहा दिवस धडधाकट राहिला तर पुढचे डोस द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपण ठरवायचे नाही.

कुत्र्याची लस हीच घराची पहिली तटबंदी आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी, डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची मात्रा द्यावी, आणि दरवर्षी पुन्हा टोचत राहावे. मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो, तोही काढून घ्यावा. गल्लीत सर्वांनी पोसलेल्या कुत्र्याचा मालक कोणीच नसतो, म्हणून त्याची लसही कोणाच्याच डोक्यात नसते. महापालिकेने १९९४ पासून मोकाट कुत्री मारणे थांबवून निर्बीजीकरण सुरू केले. ज्या कुत्र्याच्या कानाचे टोक कापलेले दिसते त्याचे निर्बीजीकरण झालेले असते. तुमच्या गल्लीतील ज्या कुत्र्याचा कान अखंड आहे, त्याच्यासाठी मंडळाच्या नावाने विभाग कार्यालयात अर्ज द्यावा. एकट्याच्या अर्जापेक्षा पन्नास सह्यांचा अर्ज लवकर हलतो.

महिला मंडळांनी येत्या बैठकीत यासाठी पंधरा मिनिटे काढावीत. गल्लीत किती कुत्री, कितींना टोचले, कोणाच्या घरी रांगते मूल आहे, एवढे वहीत लिहून काढावे. आणि प्रत्येक घराने आज रात्री झोपण्यापूर्वी दोन कामे करावीत. कुत्र्याचा कोपरा ठरवून तेथे गोणपाट टाकावे. मुलांना जवळ घेऊन सांगावे की, कुत्रा चावला तर लपवायचे नाही.